पुलाला मूल लागतं

आमच्या वस्तीत त्या वर्षी पोरं रडायला लागली की आया त्यांना बागुलबुवाची नाही, पुलाची भीती घालायच्या. "गप ऱ्हा, न्हाय तर खड्ड्यावाला मुकादम यील," म्हटलं की कितीही हट्टी पोर असो, हुंदका गिळायचं. मी काही तेवढी लहान नव्हते. आठवीत गेले होते, स्वतःला फार शहाणी समजत होते, तरी पूल म्हटलं की मीही मागं वळून बघायची. आज पन्नाशीला टेकले. बारामतीत स्वतःची खानावळ चालवते, कामाच्या बायकांवर दिवसभर ओरडते, गिऱ्हाइकानं उगाच तोंड चालवलं तर त्याचंही ताट उचलून घेते. पण अजून कुठं ताज्या खड्ड्यात सळयांचा पिंजरा उभा दिसला की माझे पाय आपोआप रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला वळतात. माझा भाऊ त्यावरून हसतो. हसू दे बापडा, त्याला काय आठवतंय!

रेल्वेचं फाटक हा तेव्हा गावाच्या घशात अडकलेला घास होता. गाडी काही सारखी यायची नाही, पण यायची तेव्हा तिचा तोरा असा, की ती दिसायच्या कितीतरी आधी फाटक पडायचं. मग अलीकडं ऊस भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, भाजीचे टेंपो, एसटी, सायकली, आणि पलीकडंही तेच. माळेगावच्या कारखान्याचा हंगाम लागला की विचारूच नका. बैलांच्या घुंगरांचा आवाज, ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या आणि उसाच्या मळीचा आंबूस वास, हे सगळं फाटकापाशी तुंबून राहायचं. एकदा एका बाईला तिथंच, रिक्षात, बाळ झालं. फाटक उघडेपर्यंत बारशाची वेळ येईल, असं लोक म्हणाले, हसलेही, पण त्यानंतर गाव हट्टाला पेटलं. फाटकावरून पूल पाहिजे म्हणजे पाहिजे.

पुलाच्या आधी आली ती तिपाई. तिच्यावर दुर्बीण, दुर्बिणीला डोळा लावलेला एक चष्मेवाला साहेब, आणि लांब रस्त्यात लाल-पांढरी काठी धरून उभा असलेला माणूस. काठीवाला ज्याच्या दारात थांबायचा त्याचं तोंड उतरायचं. दुसऱ्या दिवशी तिथं लाल रंगाची फुली असायची. फुली म्हणजे तिथं खांब. पूल अधांतरी जाणार असला तरी खांबांना जमीन लागणार, हे गावाच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. जे लोक पूल पाहिजे म्हणून ओरडत होते, तेच आता 'पूल हवा, पण खांब समोरच्याच्या दारात' म्हणायला लागले. साहेबानं नकाशा दोनदा बदलला म्हणे. फुल्या इकडच्या तिकडं गेल्या. शेवटी एक फुली नामदेवरावाच्या चहाच्या हॉटेलावर आली ती काही हलली नाही. नामदेवराव म्हणजे तालमीतला गडी, मान माझ्या कमरेएवढी. हॉटेल मोडलं, त्यानं समोर हातगाडा लावला, आणि दिवसभर चहा गाळता गाळता त्या खड्ड्याकडं खाऊ की गिळू असं बघत राहायचा.

त्याच खड्ड्यावर माझा बाप सिदू राखणदार होता. आबा. आम्ही धनगर. मूळचे पळसदेवकडचे. आबानं अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं, पण धरणाचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि मेंढरांनी तोंड घालावं असा माळ उरला नाही. मेंढरं गेली, आबा बारामतीला आला. मुकादमानं त्याला बघितल्या बघितल्या ठेवून घेतलं, कारण उघड्यावर झोपायची सवय आणि कुत्र्यासारखी सावध झोप धनगराला शिकवावी लागत नाही. आबा सळयांचा ढीगसुद्धा मेंढरांसारखाच राखायचा. दिवस कलला की काठी खांद्यावर आडवी टाकून त्या ढिगाभोवती एक फेरी मारायचा आणि तोंडानं 'हुर्रर्र' करायचा. सळया कुठं पळणार होत्या? पण सवय.

आम्ही राहायचो गणपततात्यांच्या मळ्यात, रुळांच्या पलीकडं. तात्या जातीचे माळी, वांगी-मेथी-टोमॅटो करायचे आणि स्वतःच्या टेंपोतून मंडईत न्यायचे. त्यांच्या विहिरीजवळच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. आय तात्यांच्या भाजीच्या जुड्या बांधायची. घरात बाजरीची भाकरी कायमची, कोरड्यास म्हणून तात्यांनी टाकून दिलेली किडकी वांगी चिरून, किडा बाजूला काढून, शेंगदाण्याचं कूट घालून. हुलग्याचं माडगं असलं की आबा दोन वाट्या जास्त प्यायचा. पळसदेवची धोंडा आत्या कधी वाळली मासळी पाठवायची, त्या दिवशी तात्यांच्या घरच्यांना वास जाऊ नये म्हणून आय दार लावून चूल पेटवायची आणि आम्ही सगळे धुरानं खोकत जेवायचो. आमच्यात सगळ्यात धाकटा मल्या. मल्हारी. चार वर्षांचा, नवसाचा. माझ्या आणि त्याच्या मधली दोन गेली होती. त्यामुळं मल्या पडला तरी आय ओरडायची आणि मल्या हसला तरी आय ओरडायची, दृष्ट लागेल म्हणून.

आता त्या खड्ड्याचं सांगते. बाकीच्या खांबांचे पाये सरळ झाले. नामदेवरावाच्या हॉटेलाच्या जागेवरचा खड्डा मात्र ऐकेना. खोल गेला की कडेची काळी माती ढासळायची. उपसला की रात्रीत पाणी भरायचं. परमुलखातले मजूर, त्यांची बोली आम्हाला कळायची नाही, आमची त्यांना, सकाळी खाली उतरताना खड्ड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावायचे. दिवसभर पंप 'बदबद बदबद' करत पाणी ओढायचा. तो आवाज मळ्यापर्यंत यायचा. पुढं कितीतरी दिवसांनी मोठ्या साहेबांनी येऊन सांगितलं, की जवळच्या कालव्याला पाणी सुटलं की ते जमिनीखालून झिरपतं, आणि मग कडेनं लोखंडी पत्रे ठोकून तो पाया पुरा केला. म्हणजे कारण साधं होतं. पण तेव्हा कुणाला ठाऊक? आणि मग एक दिवस कड कोसळली आणि एक मजूर कमरेपर्यंत गाडला गेला. वर काढला तेव्हा जिवंत होता, पण पायाचं हाड मोडलेलं. त्याची किंकाळी ज्यांनी ऐकली त्यांनी ती गावभर नेली.

त्या संध्याकाळी नामदेवरावाच्या गाड्यापाशी मी आबाचा रिकामा डबा घेऊन उभी होते. चहा पिणारी माणसं हळू आवाजात बोलत होती.

"मानूस दिल्याबिगर पूल उभा ऱ्हात न्हाय," एकजण म्हणाला. "माज्या आज्यानं सांगितलंय. नदीवरच्या पुलाला दिल्यालं."

"मानूस कशाला? मूल लागतं," नामदेवराव गाळणं झटकत म्हणाला. "ल्हान मूल. ठेकेदार काय खुळं हाय व्हय? आज ना उद्या कुणाचं तरी लेकरू गायब हुनार, बगा तुमी."

मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ए हिरे, जा घरला. हितं नको हुबी राहूस."

मी घरापर्यंत पळत गेले. पळताना मला माझ्याच डब्याच्या झाकणाचा आवाज मागून कुणी येतंय असा वाटत होता.

तेव्हापासून माझे दिवस भीतीत गेले. कारण आबाचा डबा रोज दुपारी खड्ड्यावर नेऊन द्यायचं काम माझं. फाटक ओलांडायचं, वाळूच्या ढिगाला वळसा घालायचा, आणि खड्ड्याच्या काठानं आबाच्या पत्र्याच्या सावलीपर्यंत जायचं. तेवढी वाट मी श्वास धरून चालायची. खाली बघायचं नाही असं ठरवायची आणि हटकून बघायची. तळाशी गढूळ पाणी, त्यात उभा सळयांचा पिंजरा. मजुरांतला एक माझ्याकडं बघून मान डोलवायचा, हसायचा. आज कळतं, त्याला गावाकडं माझ्याएवढी मुलगी असेल. तेव्हा वाटायचं, हा मला मापतोय. मी मूल की मोठी, यावर मी रात्री आडवी पडले की विचार करायची. आठवीतलं माणूस मूल धरतात का? धरत असतील. मी अंगानं किडकिडीत होते. पण हे आयला सांगायची सोय नव्हती, कारण आय माझ्यापेक्षा जास्त भ्याली होती.

एके दुपारी आयनं मल्याला नवी बंडी घातली, काजळाची तीट लावली, आणि पळसदेवहून मासळी विकायला आलेल्या आत्याच्या कडेवर दिला. "वन्सं, पूल हुईस्तोवर तुमच्यापाशीच ठिवा ह्याला. आणू नका. म्या सांगावा धाडीन तवाच आणा." आत्या हसली, पण आयचं तोंड बघून तिनं मल्याला कडेवर नीट सावरलं. मल्या जाताना रडला. आय रडली नाही. तो दिसेनासा झाल्यावर तिनं माझ्या हातात डबा दिला. "जा, आबा वाट बगत असतील."

वस्तीत तिनं कुणाला सांगितलं नाही मल्या कुठं आहे ते. नाव घेतलं की पुलाला कळतं, असं तिच्या डोक्यात. शेजारपाजारच्या बायकांनी विचारलं की म्हणायची, "हाय की. निजलाय."

पुढं काही दिवस आय रात्रभर कूस बदलत राहायची. मग एकदा मी शाळेतून आले तर ती दार लावून काहीतरी शिवत होती. मला बघून तिनं ते पदराखाली घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज डबा म्या नेते." आय आणि डबा! तिनं लग्नापासून बाजाराचा रस्ता चार वेळा बघितला असेल नसेल. पण मला काय, माझी एक फेरी वाचली म्हणून मी खूश. इतकी खूश, की का चाललीस म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ते झालं. खड्ड्यात त्या दिवशी काँक्रीट पडायचं होतं. चष्मेवाले साहेब पुण्याला गेलेले. मजूर पंप लावून पाणी उपसत होते आणि पंप मध्येच घुसमटला. नळीच्या तोंडाशी काहीतरी अडकलेलं. एकानं खाली उतरून ओढून काढलं आणि वर फेकलं. ते एक लहान पोराचं अंगडं होतं. छातीवर लाल डाग. बाहीत काळ्या केसांचा पुंजका आणि काहीतरी मऊ, ओलं, पांढुरकं. बाजाराला आलेल्या बायांच्या पायापाशी ते पडलं.

नामदेवरावाची बायको कुसुम सगळ्यात आधी ओरडली. "आगं बया! ही तर सिदूआबाच्या मल्याची बंडी! त्यो रोज घालायचा ती, म्या वळकते!" आणि मग तिच्या लक्षात आलं, की मल्या कितीतरी दिवसांत कुणाला दिसलेला नाही. ते तिनं मोठ्यानं सांगितलं.

गर्दी आबाकडं वळली. आबानं ते अंगडं उचललं, बघितलं, आणि तो मटकन खाली बसला. त्याला मल्या पळसदेवला आहे एवढं ठाऊक होतं. पण स्वतःच्या पोराचं रक्ताळलेलं अंगडं खड्ड्यातून निघालेलं बघून त्याचीच मती फिरली. आपलं पोर कुणी उचलून आणलं का, हेच त्याच्या डोक्यात. लोक विचारत होते, पोरगं कुठंय, बोल. आणि आबाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"बगा, बगा, गप बसलाय!" नामदेवराव गरजला. "पोटचं पोर दिलं रं ह्यानं! नोकरीपायी दिलं!"

वस्तीतली पोरं धावत मळ्यात आली तेव्हा मी आणि आय मेथीच्या जुड्या बांधत होतो. आयनं 'अंगडं' एवढा शब्द ऐकला आणि हातातली जुडी टाकून अनवाणी धावली. मागं मी, मागं तात्या. फाटकापाशी पोचलो तर आबाचे दोन्ही हात मागं घेऊन, सळया बांधायच्या तारेनं, सळयांच्याच ढिगाला बांधलेले. ओठ फुटलेला. मजूर पत्र्याच्या खोल्यांत शिरून आतून दारं लावून बसलेले, आणि पोरं पत्र्यांवर दगड मारत होती. एकटा हवालदार काठी आडवी धरून "मागं व्हा, मागं व्हा" करत होता आणि स्वतःच मागं मागं येत होता. गावातली सगळी माणसं ओळखीची होती, आणि त्यातलं एकही तोंड मला ओळखीचं वाटत नव्हतं.

आय गर्दीत घुसली. "सोडा त्यास्नी! ती बाहुली हाय! म्या टाकली!"

पत्र्यांवरचे दगड थांबले. आय धापा टाकत सांगत होती. मल्याची जुनी बंडी घेतली, त्यात आमच्या मेंढरांची उरलेली लोकर भरली, मल्याचं जावळ जपून ठेवलेलं ते लावलं, कणकेचं तोंड केलं, कुंकू लावलं, आणि डबा द्यायच्या निमित्तानं खड्ड्यात सोडली. पुलानं ती घ्यावी आणि तिच्या लेकराला सोडावं म्हणून. आमच्या घरात कुणी फार आजारी पडलं की अशी बाहुली करून माळावर सोडायची रीत होती, ती तिनं पुलाला लावली. पण कणकेचं तोंड पाण्यात विरघळून गेलं होतं. कुंकू फुटून लाल डाग झाला होता. बाहुली राहिलीच नव्हती, अंगडं आणि केस तेवढे राहिले होते.

"नवऱ्याला वाचवाया बोलतीया," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग मल्या कुटाय?" नामदेवराव.

"पळसदेवला. वन्संकडं."

"परवा तर मला म्हनालीस, निजलाय म्हून!" कुसुम किंचाळली.

खरं बोलायला लागल्यापासून तिचं एकेक वाक्य खोट्यासारखं वाटत होतं. मी तिथं उभी राहून ऐकत होते आणि, देवाशप्पथ सांगते, क्षणभर मलाही वाटलं, मल्या खरंच आत्याकडं आहे ना?

हवालदाराला तेवढीच वाट दिसली. "बाई, पोरगं जित्तं हाय नव्हं? मग आणा आन् दावा. इषय मिटला."

आयला गर्दी सोडेना. तात्या पुढं झाले. साधा मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "मी टेंपो काडतो. पोरीला आत्याचं घर ठावं हाय. आमी येईस्तोवर सिदूच्या अंगाला कुणी बोट लावलं, तर गाठ माज्याशी हाय."

"आन् पोरगं न्हाय गावलं तर?" नामदेवरावानं विचारलं.

तात्यांनी खिशातून किल्ली काढली. मला दंडाला धरून टेंपोत चढवलं.

टेंपोत सकाळच्या टोमॅटोचा चिकचिकाट होता. तात्या रस्त्यावरून नजर न काढता चालवत होते आणि मी भिगवणपर्यंत एकच गोष्ट म्हणत होते, मल्या असू दे, मल्या असू दे. हमरस्त्याला लागलो तशा ट्रकांच्या रांगा, एकेकाला ओलांडताना जीव वर-खाली व्हायचा. पळसदेवला उतरले आणि आत्याच्या घराकडं पळाले. दाराला कुलूप. शेजारी एक म्हातारा ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्यानं माझ्याकडं न बघताच सांगितलं, "धोंडा न्हाय. फाटंचीच इंदापूरला गेली. भावाच्या पोराला ताप भरला. डोळं फिरवत व्हतं."

मी तशीच टेंपोकडं पळाले. खड्ड्यातून बाहुली सकाळी निघाली. आणि मल्याला ताप सकाळी चढला. म्हणजे पुलाला फसवणूक कळली. त्याला आता खरं पोर पाहिजे. शाळेत मी विज्ञानात पहिली यायचे, पण त्या वेळी माझ्या डोक्यात याहून वेगळं काहीसुद्धा येईना. मी तात्यांना बोलले तर ते एकदम खेकसले, "गप! काय बी बडबडू नगंस." पण टेंपोची किल्ली त्यांनी दोनदा उलटी फिरवली.

इंदापूरच्या स्टँडजवळ टेंपो लावला आणि आम्ही दवाखाने धुंडाळायला लागलो. पहिला बंद. दुसऱ्यातला कंपाउंडर म्हणाला, असं पोर येऊन गेलं, सुई दिली, पुढचं मला काय ठाऊक. 'येऊन गेलं' म्हणजे काय? बरं होऊन की कसं? ते विचारायचं मला धाडस झालं नाही. कचेरीकडच्या गर्दीत, रसाच्या गुऱ्हाळात, जिथं कुठं बाई लेकरू घेऊन बसलेली दिसेल तिथं मी वाकून बघत होते. लोक मला वेडी समजत असणार. आणि शेवटी एसटी स्टँडच्या कट्ट्यावर, पळसदेवच्या गाडीची वाट बघत, आत्या दिसली. मांडीवर मल्या. बशीतल्या चहात बिस्कीट बुडवून खात होता, आणि बिस्कीट तुटून चहात पडलं म्हणून आत्याच्या नावानं भोकाड पसरत होता.

मी त्याच्या दंडाला कचकचून चिमटा काढला. तो कळवळून ओरडला. मग मी त्याला छातीशी धरून एवढी रडले, की गाडीची वाट बघणारी माणसं भोवती गोळा झाली.

"आगं हिरे, तू हितं कशी? आन् मारतीस का त्याला, तापातनं उठलंय पोर!" आत्या म्हणत होती. तात्या कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसले. म्हणाले, "आदी टेंपोत बस धोंडाबाई. वाटंत सांगतो."

परतीचा रस्ता संपता संपेना. मल्या माझ्या मांडीवर झोपला आणि मी मिनिटामिनिटाला त्याच्या नाकाखाली बोट धरत होते.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, तरी बाजार मोडला नव्हता, सगळा तिथंच उभा होता. मल्याला मी वर उचलून धरलं. कुणीतरी त्याला माझ्या हातातून घेतलं, त्याच्याकडून दुसऱ्यानं. पोर हातोहात पुढं चाललं. कुणी त्याचे हात दाबून बघत होतं, कुणी गालाला बोट लावत होतं. मल्या किंचाळत होता आणि त्या किंचाळण्यानं बायका एकमेकींकडं बघून मान हलवत होत्या. कुसुमनं त्याच्या कानामागचा तीळ बघितला आणि खाली बघत म्हणाली, "त्योच हाय." मग तो आबाच्या मांडीवर पोचला. आबानं सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "ह्याला खाया दिलंय का कुणी?" एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

त्यानंतर गर्दी कशी पांगली ते मी आजही विसरले नाही. माफी नाही, काही नाही. एकाला एकदम आपली पिशवी आठवली, एकाला एसटी, एकीला मिरच्या घ्यायच्या राहिल्यात हे आठवलं. "चला, बाजार उरका," हवालदार आता जोरात ओरडत होता. नामदेवराव पक्कड घेऊन आला आणि आबाच्या मनगटाची तार सोडवायला बसला. घट्ट पिळलेली तार, लवकर सुटेना. तो एकदाही वर बघेना. सुटल्यावर म्हणाला, "आबा, च्या आणू?" आबानं मान हलवली, नको म्हणून.

माझा तोच भाऊ आज पुण्यात मेट्रोच्या कामावर आहे. भर गर्दीच्या रस्त्यावर मधोमध खांब उभे करतात, त्यावर सुपरवायझर. मागं मला हौसेनं त्या वरून पळणाऱ्या गाडीत बसवलं. खाली रिक्षा, दुकानं, माणसांची नुसती खच्चून गर्दी, आणि हा खिडकीतून बोट दाखवतोय, "अक्का, ह्यो खांब माजा. त्यो बी माजा." मी त्याचा हात घट्ट धरून बसले होते. त्याला वाटलं, मला उंचीची भीती वाटते.

त्या संध्याकाळी घरी आयनं चूल पेटवली. आत्यानं आबाच्या मनगटाला हळद लावली. आबा आयला फार बोलला नाही. "मला सांगायचं व्हतंस," एवढंच म्हणाला. "तुमी टाकू दिली असती व्हय?" आय म्हणाली. मल्या आयच्या पाठीला चिकटून भाकरीचा तुकडा चघळत होता. सगळं निवलं होतं. माझंच निवलं नव्हतं, आणि का, हे मला इंदापूरहून येताना टेंपोत कळलं होतं. मी आयच्या शेजारी जाऊन बसले. ती भाकरी थापत होती.

"आय," मी म्हटलं, "मल्याची बाहुली केलीस. मल्याला पळसदेवला धाडलंस. आन् मी गं? मी तर रोज त्याच खड्ड्यावर जात हुते."

आयनं थापता थापता माझ्याकडं बघितलं. तिला माझा प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती हसली. अगदी मायेनं हसली.

"आगं खुळे, तू भ्याली व्हतीस व्हय? तुला काय हुतंय! पोरगा लागतो त्याला. पुलाला पोरगी चालत न्हाय."

आणि पिठानं भरलेल्या हातानं तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. तिला वाटलं, तिनं मला धीर दिला.